समुद्री शेवाळाचं बी : प्रयोगशाळेतून तराफ्यावर



समुद्री शेवाळाच्या शेतीवर कार्यक्रम झाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो – "साहेब, बी कुठं मिळेल?" दोर, बांबू, नांगर ह्यांचा प्रश्न पडत नाही. वेसावे, मढ, मनोरी, गोराई इथल्या कोळी माणसाला दोर आणि बांबू शिकवायची गरजही नाही. अडतं ते बियाण्यापाशी. म्हणून ह्या पत्रकात आपण फक्त बियाण्याचाच विचार करू. ते म्हणजे नेमकं काय, ते प्रयोगशाळेत कसं वाढवतात, आणि आपल्या उपनगरच्या किनाऱ्यावर त्याचा उपयोग कुणाला आणि किती, हे पाहू.

शेवाळाला बी असतं का?

खरं सांगायचं तर नसतं. समुद्री शेवाळाला फूल नाही, फळ नाही, दाणा नाही. मुळासारखं जे दिसतं ते फक्त खडक धरून ठेवण्यासाठी. अन्न आणि पाणी ते अंगानेच शोषून घेतं. मग लागवड करायची कशाची? त्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग उसासारखा. उसाचं आपण बी पेरत नाही, टिपरी लावतो. तसंच शेवाळाची फांदी तोडून दोराला बांधली की तीच वाढते. दुसरा मार्ग बीजाणूंचा. ठराविक काळात शेवाळातून डोळ्यांना न दिसणारे बारीक बीजाणू पाण्यात सुटतात, खडकावर चिकटतात आणि त्यातून नवं रोप येतं. कोणत्या शेवाळाला कोणता मार्ग, हे त्याच्या जातीवर ठरतं.

आपल्या देशात व्यापारी लागवड मुख्यतः एका जातीची होते, तिचं नाव कप्पाफायकस अल्वारेझी. तिच्यातून कॅरॅजीनन नावाचा पदार्थ काढतात. तो आइस्क्रीम, टूथपेस्ट, औषधं अशा अनेक ठिकाणी वापरला जातो. ताज्या शेवाळाच्या रसापासून पिकावर फवारायचं द्रवखतही करतात. बाजारात 'सागरिका' नावाचं इफ्कोचं खत तुम्ही पाहिलं असेल, ते समुद्री शेवाळापासूनच केलेलं आहे. दुसरी महत्त्वाची जात ग्रॅसिलेरिया. तिच्यापासून अगर मिळतं. ह्या जातीची शेवाळं कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावरही आढळतात.

मुंबईच्या किनाऱ्यावरची शेवाळं नवीन सापडलेली नाहीत, बरं का. बर्गेसन नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने इथली शेवाळं गोळा करून त्यांची यादी १९३५ सालीच प्रसिद्ध केली होती. आपल्या पायाखाली काय उगवतं ह्याची नोंद नव्वद वर्षांपूर्वीची आहे. लागवडीचा विचार मात्र अलीकडचा.

फांदीचं बेणं का थकतं?

कप्पाफायकसचं रोप आपल्या देशात १९८४ साली आणलं गेलं. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने ते अभ्यासासाठी जपानहून आणलं आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर वाढवून पाहिलं. पुढे तामिळनाडूत मंडपम भागात त्याची लागवड रुजली. २००० सालानंतर तिथल्या महिला बचत गटांनी ती मोठ्या प्रमाणावर केली. २०१२-१३ च्या सुमारास तिथलं वर्षाचं उत्पादन सुमारे दीड हजार टन सुक्या मालापर्यंत पोचलं होतं. मग मोठी मर आली आणि उत्पादन एकदम घसरलं. पाणी तापलं हे एक कारण. त्याच त्या बेण्याची फांदी वर्षानुवर्षं लावत राहणं, हे दुसरं.

ऊस लावणाऱ्याला हे सांगायला नको. त्याच शेतातलं बेणं पुन्हा पुन्हा वापरलं की रोग साठत जातो, उगवण कमी होते, फुटवे घटतात. म्हणून आपण तीन-चार वर्षांनी बेणं बदलतो आणि त्यासाठी वेगळा बेणेमळा राखतो. शेवाळाचंही तेच आहे. सगळी रोपं एकाच मूळ रोपाच्या फांद्या असल्या, तर एकाला जो रोग बाधतो तो सगळ्यांनाच बाधतो. फांद्या पांढऱ्या पडून मऊ होतात आणि गळून जातात. ह्या विकाराला 'आइस-आइस' म्हणतात. पाण्याचं तापमान किंवा खारेपणा एकदम बदलला की तो उठतो.

रोज शेकडा एकाचा फरक

आता जरा हिशेब मांडू. पाटी-पेन्सिल घेऊन बसा.

एक तराफा साधारण ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद. त्यावर २० दोर, आणि प्रत्येक दोराला सुमारे १५० ग्रॅमच्या २० फांद्या. म्हणजे एका तराफ्याला ६० किलो ओलं बेणं लागतं. पीक ४५ दिवसांचं.

शेवाळाची वाढ सावकाराच्या चक्रवाढ व्याजासारखी असते. आजची वाढ उद्याच्या मुद्दलात मिळते. बेणं चांगलं असेल आणि रोज शेकडा ३ ने वाढलं, तर ६० किलोचे ४५ दिवसांत सुमारे २२७ किलो होतात. बेणं थकलेलं असेल आणि रोज शेकडा २ नेच वाढलं, तर सुमारे १४६ किलो. पुढच्या पिकासाठी दोन्हीतून ६० किलो बाजूला ठेवावे लागतात. मग विक्रीला उरतात पहिल्यात १६७ किलो आणि दुसऱ्यात फक्त ८६ किलो. वाढीत फरक दिसायला रोज शेकडा एकाचा, पण हातात येणारा माल निम्मा. शिवाय सुकवल्यावर ओल्या दहा किलोंचा साधारण एक किलो होतो. म्हणजे १६७ किलोंचे साडेसोळा किलो आणि ८६ किलोंचे साडेआठ.

मेहनत, बांबू, दोर, होडीचं डिझेल दोन्हीकडे सारखंच. म्हणून बेण्याला महत्त्व. बचत गटाचे पैसे तराफ्यावर घालण्याआधी बेण्याची चौकशी करा, असं आम्ही सांगतो ते ह्याचसाठी.

प्रयोगशाळेत रोप कसं तयार होतं?

केळीची ऊतिसंवर्धित रोपं तुम्हाला माहीत आहेत. जळगावपासून वसईपर्यंत बागायतदार ती लावतात. शेवाळाची पद्धत जवळजवळ तशीच. फरक इतकाच की माती-कोकोपीटच्या जागी इथं समुद्राचं पाणी.

पहिलं काम मातृरोप निवडण्याचं. जोमदार, रंगाने तजेलदार, फांद्यांवर दुसरं शेवाळ न चढलेलं, पांढरा डाग नसलेलं रोप घेतात. ते प्रयोगशाळेतल्या टाकीत काही आठवडे वेगळं ठेवून त्याच्यावर नजर ठेवतात. गोठ्यात नवं जनावर आणलं की आपण ते आठ दिवस वेगळं बांधतो, त्यातलाच हा प्रकार.

दुसरं काम स्वच्छतेचं, आणि सगळं यश ह्याच्यावर. फांदी मऊ ब्रशने घासतात, गाळून उकळलेल्या समुद्राच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतात, आयोडिनच्या सौम्य द्रावणात अगदी थोडा वेळ बुडवतात आणि मग प्रतिजैविकाच्या पाण्यात ठेवतात. कारण शेवाळाच्या अंगावर जिवाणू आणि डायाटम नावाचे सूक्ष्म जीव चिकटलेले असतात. बाटलीत ते शेवाळापेक्षा वेगाने वाढतात आणि त्याला गुदमरवतात. डायाटम मारण्यासाठी पाण्यात जर्मेनियम डायऑक्साइड अगदी अल्प प्रमाणात घालतात.

तिसरं काम कापणीचं. निर्जंतुक पात्याने फांदीचे तीन ते पाच मिलिमीटरचे तुकडे करतात. ते अगरच्या थरावर किंवा पोषक पाण्यात ठेवतात. गंमत पाहा, हे अगरही समुद्री शेवाळातूनच काढलेलं! पोषक पाण्यात नत्र, स्फुरद, लोह आणि जीवनसत्त्वं ठराविक मापाने घातलेली असतात. खोलीचं तापमान २२ ते २५ अंश सेल्सिअस. ट्यूबलाइटचा मंद उजेड बारा तास, आणि बारा तास अंधार.

काही आठवड्यांनी कापलेल्या जागी पेशींचा गोळा फुगतो. पुढे त्यातून टाचणीच्या डोक्याएवढे कोंब निघतात. ते वेगळे करून हवा सोडलेल्या बाटल्यांत वाढवतात. बाटलीतून मोठ्या भांड्यात, भांड्यातून बाहेरच्या सावलीतल्या टाकीत, टाकीतून समुद्रात जाळीच्या पिशवीत आणि शेवटी तराफ्याच्या दोरावर, असा त्याचा प्रवास. ह्याला महिने लागतात. घाई केली आणि बाटलीतलं नाजूक रोप थेट लाटांत नेलं, तर ते टिकत नाही. केळीच्या रोपालाही आपण आधी शेडनेटमध्ये कणखर करतो, तसंच हे.

भावनगरच्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी अशा रोपांवरचं काम २००३ साली प्रसिद्ध केलं. त्यांना समुद्रात ह्या रोपांची वाढ नेहमीच्या बेण्यापेक्षा दीडपट किंवा थोडी जास्तच आढळली. अलीकडे तामिळनाडूच्या शेतकऱ्यांनाही त्या संस्थेने ऊतिसंवर्धित रोपं दिली आहेत.

बीजाणूंपासून रोप : ग्रॅसिलेरियाची रीत

ग्रॅसिलेरियात बीजाणूंची पद्धत सोपी पडते. मादी झाडाच्या फांदीवर मोहरीसारखे बारीक फुगवटे आले की ते पक्व समजावं. अशा फांद्या धुऊन, थोडा वेळ सावलीत ठेवून, गाळलेल्या समुद्राच्या पाण्याच्या भांड्यावर जाळीवर पसरतात. भांड्याच्या तळाशी दोर, शिंपले किंवा सिमेंटचे तुकडे ठेवलेले असतात. रात्रभरात बीजाणू सुटून तळाशी बसतात आणि चिकटतात. दुसऱ्या दिवशी फांद्या काढून घ्यायच्या. मग हलवाहलव न करता पाणी बदलत राहायचं. आधी तांबूस ठिपके दिसतात, मग ठिपक्यांतून कोंब उभे राहतात. दोन-तीन महिन्यांनी दोर समुद्रात नेण्याजोगे होतात.

ह्या पद्धतीचा मोठा फायदा असा की बीजाणूंच्या रोपात आई-बाप दोघांचे गुण मिसळतात. सगळी रोपं एकसारखी नसतात, म्हणून एखादा रोग आला तरी सगळं शेत एकदम बसत नाही.

जपानची गोष्ट ऐकण्यासारखी

जपानात नोरी नावाचं शेवाळ भाताबरोबर खातात. आपल्या कोकणच्या खडकांवर पावसाळ्यात उगवणाऱ्या पोर्फायरा शेवाळाचं ते भावंडच. जपानी कोळी पूर्वी उथळ समुद्रात बांबू रोवायचे आणि शेवाळ चिकटण्याची वाट पाहायचे. लागलं तर लागलं. उन्हाळ्यात हे शेवाळ कुठं नाहीसं होतं आणि थंडीत कुठून येतं, हेच कुणाला माहीत नव्हतं.

हे कोडं इंग्लंडमधल्या कॅथलीन ड्रू-बेकर ह्या बाईंनी सोडवलं. त्यांनी १९४९ साली दाखवून दिलं की हे शेवाळ आयुष्याचा एक भाग शिंपल्याच्या कवचात, गुलाबी धाग्याच्या रूपात काढतं. तोवर तो धागा शास्त्रज्ञ वेगळीच वनस्पती समजत होते. मग जपानी शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत शिंपल्यांवर हे धागे वाढवायला आणि त्यांचे बीजाणू जाळ्यांवर बसवायला सुरुवात केली. दैवावरची शेती हुकमी झाली. ह्या बाई जपानला कधीच गेल्या नाहीत, पण तिथल्या शेतकऱ्यांनी १९६३ साली त्यांचं स्मारक उभारलं. बी कसं जन्मतं हे कळलं की शेती आपल्या हातात येते, एवढं ह्यातून घ्यावं.

आपल्या किनाऱ्याची खरी अडचण : पावसाळा

आता आपल्याकडे वळू. मंडपमचा समुद्र वर्षातले बरेच महिने शांत. आपला जूनपासून खवळतो. होड्या वर ओढल्या जातात, तसे तराफेही काढावे लागतात. त्यात नद्या-खाड्यांचं गोडं पाणी आणि गाळ समुद्रात येतो. कप्पाफायकसला दर हजारी ३० भागांच्या आसपास किंवा त्याहून जास्त खारेपणा आणि स्वच्छ, वाहतं पाणी लागतं. म्हणजे शेतीचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मे. मग ऑक्टोबरला बेणं आणायचं कुठून?

पुन्हा हिशेब करा. ४५ दिवसांत चौपट वाढ धरली, तर १ किलोचे ४, चाराचे १६, सोळाचे ६४ किलो व्हायला १३५ दिवस लागतात. ऑक्टोबरच्या मध्यावर १ किलो बेण्यावर सुरुवात केली तर एक तराफा भरायला फेब्रुवारी संपतो. अर्धा हंगाम बेणं करण्यातच गेला! तेच ऑक्टोबरला १५ किलो निरोगी बेणं हातात असेल, तर नोव्हेंबरअखेर तराफा भरतो आणि मेपर्यंत चार पिकं घ्यायला वाव राहतो. म्हणून आपल्याकडे प्रयोगशाळेचं काम दुहेरी आहे. एक, निरोगी रोप तयार करणं. दुसरं, पावसाळ्याचे चार महिने टाक्यांमध्ये ते जिवंत ठेवणं. समुद्री शेवाळाचा हा बेणेमळा किनाऱ्यालगत उभा राहिल्याशिवाय आपल्या भागात ही शेती स्थिरावणार नाही.

उपनगरात कुणी काय करावं?

गोराई, मनोरी, मढ, वेसावे : खाडीच्या मुखाशी शहराचं सांडपाणी येतं. तिथं तराफा बांधू नका. शेवाळ पाण्यातले जड धातू अंगात साठवतं. असा माल खाण्यासाठी चालणार नाही आणि खरेदीदारही परत करील. खाडीपासून दूर, डोल जाळ्यांच्या आणि होड्यांच्या वाटेबाहेरची जागा निवडा. सोसायटीत सगळ्यांशी बोलून ठरवा, नाहीतर भांडणं होतात. आधी दोनच तराफे बांधा. उधाणाच्या आणि भांगाच्या दिवसांत ते कसे टिकतात, फांदीवर गाळ किती बसतो, ह्याची दर आठवड्याला वहीत नोंद करा. दहा फांद्यांना खूण करून त्यांचं वजन घ्या. एक हंगाम अशी वही लिहिली की पुढचा निर्णय तुमचा तुम्हालाच घेता येईल.

मुलुंड, भांडुप, घाटकोपर : ठाणे खाडीचं पाणी गढूळ, त्यात उजेड खोल जात नाही. तिवरांना कायद्याचं संरक्षण आहे आणि खाडीचा मोठा भाग २०१५ सालापासून रोहित पक्ष्यांचं अभयारण्य आहे. तिथं शेवाळाचे तराफे बांधण्याचा विचार करू नये. पण ह्या भागातल्या विज्ञान शाखेच्या मुला-मुलींना प्रयोगशाळेचं काम शिकण्यासारखं आहे. निर्जंतुकीकरण, सूक्ष्मदर्शक, पाण्याची तपासणी ही कौशल्यं रोपवाटिकेला लागतातच.

महिला बचत गट : तामिळनाडूत फांद्या बांधण्याचं, सुकवण्याचं बरंच काम महिला करतात. बोंबील वाळवणाऱ्या हातांना सुकवणी नवी नाही. मात्र शेवाळ वाळूत टाकू नका. बांबूच्या मांडवावर किंवा स्वच्छ जाळीवर दोन-तीन दिवस वाळवा. वाळू लागलेल्या मालाला भाव येत नाही.

बेणं घेताना फसू नका

'वाटेल तिथं वाढणारं परदेशी बी' म्हणून कुणी दलाल पिशवीत काही घेऊन आला, तर घेऊ नका. जिवंत शेवाळ परदेशातून आणायला सरकारी परवानगी लागते आणि त्याचे नियम २०२४ साली केंद्र सरकारने ठरवून दिले आहेत. हे नुसते कागदी नियम नव्हेत. मन्नारच्या आखातात कुरुसडई बेटाजवळ लागवडीतलं कप्पाफायकस सुटून प्रवाळावर पसरल्याचं २००८ साली शास्त्रज्ञांनी नोंदवलं. प्रवाळ दबले की तिथली मासळी जाते. म्हणून तुटलेल्या फांद्या समुद्रात सोडू नयेत, गोळा करून किनाऱ्यावर आणाव्यात.

बेणं घेताना एवढं पाहावं –

१. मातृरोप कुठलं, कोणत्या संस्थेचं, हे लिहून घ्यावं.

२. फांदी हाताला टणक लागावी. दाबली की मऊ लागली, वास आला किंवा पांढरा डाग दिसला तर परत करावी.

३. फांदीवर केसांसारखं दुसरं शेवाळ चढलेलं नसावं.

४. प्रवासात बेणं ओलसर ठेवावं, पण पाण्यात बुडवून नेऊ नये. ऊन आणि गोडं पाणी लागू देऊ नये. सकाळी लवकर किंवा रात्री न्यावं.

५. आणल्याबरोबर सगळं बेणं तराफ्यावर बांधू नये. आठवडाभर जाळीच्या पिशवीत वेगळं ठेवून पाहावं.

६. माल कोण घेणार आणि कोणत्या भावाने, हे लागवडीआधीच लेखी ठरवावं.

माहिती कुठं मिळेल?

आपल्या अंधेरीतच, वेसाव्याला, केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्था १९६१ सालापासून आहे. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेचं मुंबईतलं केंद्रही वेसाव्यालाच आहे. ह्या दुसऱ्या संस्थेच्या मंडपम केंद्राला २०२४ साली समुद्री शेवाळासाठी उत्कृष्टता केंद्र म्हणून घोषित केलं गेलं, आणि बेण्याची पेढी हे तिथल्या कामाचं मुख्य अंग आहे. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत एका तराफ्याचा खर्च १५०० रुपये धरून सर्वसाधारण लाभार्थ्याला शेकडा ४० आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना शेकडा ६० अनुदानाची तरतूद करण्यात आली होती. सध्या काय मिळतं, हे अर्ज करण्याआधी मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात विचारून घ्या. जागेची परवानगीही तिथूनच सुरू होते.

तराफा बांधायला एक दिवस पुरतो, बेणं तयार व्हायला महिने लागतात. म्हणून येत्या हंगामासाठी चौकशी पावसाळा सुरू व्हायच्या आधीच करा. तुमच्या वहीतल्या नोंदी – वजनं, तारखा, पाण्याचा रंग – आम्हाला पत्राने जरूर कळवा. पुढच्या कार्यक्रमात त्यावर बोलू.